दमट हवेतली शंभर वर्षं

नवी मुंबईतलं माझं गाव तळवली आणि मुंबईतला काळा घोडा यांच्यामध्ये खाडी आहे, पण हवा एकच आहे. जुलैत आमच्या गावठाणातल्या घरी मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, कपाटामागच्या भिंतीला हात लावला तर बोटं ओली होतात आणि ट्रंक उघडली की कागदांचा कुबट वास नाकात शिरतो. त्याच दिवसांत काळ्या घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शेकडो वर्षांपूर्वीची लघुचित्रं, जरीची वस्त्रं, कोरीव लाकूड आणि धातूच्या मूर्ती याच हवेला तोंड देत असतात. आमच्या ट्रंकेतला कागद चाळीस वर्षांत पिवळा पडून घडीवर तुटला, तिथला कागद चारशे वर्षं टिकला. कागदाची जात हे एक कारण आहेच. जुना हातकागद चिंध्यांच्या लगद्याचा असे. आमचा गिरणीतला, लाकडाच्या लगद्याचा, आपल्याच आम्लाने आपल्याला खाणारा. पण दुसरंही कारण आहे. तिथे या हवेशी कसं वागायचं हे शिकलेली माणसं आहेत. ती माणसं कशी घडली आणि संस्थेने हे शिक्षण आपल्या भिंतींबाहेर न्यायचं कसं ठरवलं, ते मला सांगायचं आहे.

घणसोलीहून ट्रान्स-हार्बरची लोकल धरायची, वाशीला गाडी बदलायची आणि सीएसएमटीहून चालत काळ्या घोड्याला पोचायचं, असा प्रवास मी अनेकदा केला आहे. झाडांमागून तो घुमट दिसू लागला की अजूनही पाऊल भराभर पडतं. कुर्ल्याचा काळसर निळा दगड आणि मालाडचा पिवळसर दगड वापरून जॉर्ज विटेट यांनी ही इमारत उभी केली. घुमट विजापूरच्या गोलघुमटाच्या वळणाचा. इंग्लंडच्या युवराजाच्या भेटीची आठवण म्हणून मुंबईतल्या नागरिकांनी संग्रहालयाचा घाट घातला आणि ११ नोव्हेंबर १९०५ रोजी त्याच युवराजाच्या हस्ते पायाभरणी झाली. १९१४ मध्ये इमारत तयार झाली, पण तोवर पहिलं महायुद्ध सुरू झालं होतं. त्यामुळे दालनांत मूर्तींच्या आधी जखमी सैनिकांच्या खाटा आल्या. लोकांसाठी संग्रहालय उघडलं ते १० जानेवारी १९२२ रोजी. नाव होतं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम ऑफ वेस्टर्न इंडिया. आजचं नाव १९९८ पासूनचं.

पहिली काही दशकं जमवण्याची होती. शेठ पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह १९१५ मध्ये विकत घेतला गेला. त्यात नाना फडणीसांच्या मेणवलीच्या संग्रहातल्याही वस्तू होत्या. सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांचे संग्रह आले, सिंधमधल्या मीरपूरखासच्या मातीच्या मूर्ती आल्या. आज संग्रहात ५०,००० हून अधिक वस्तू आहेत. यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या पदार्थाची आणि प्रत्येक पदार्थाचं दुखणं वेगळं. रेशमाला उजेड मारतो, हस्तिदंताला कोरडेपणा तडकवतो, लाकडाला वाळवी पोखरते. काशाच्या मूर्तीला खाऱ्या हवेतला क्लोराइड लागला की फिकट हिरवी भुकटी धरू लागते आणि ओल मिळत राहिली तर ती धातू आतून खात जाते. मिठागरांच्या काठी वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. घराच्या खिडकीचे गज कसे फुगून पापुद्रे टाकतात, ते आम्ही लहानपणापासून पाहत आलो.

वस्तू जमवणं आणि वस्तू टिकवणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, हे आपल्या देशात हळूहळू उमगलं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९१७ मध्ये मोहम्मद सनाउल्ला यांना पुरातत्त्व-रसायनज्ञ म्हणून नेमलं आणि पुढे त्या शाखेचं मुख्य ठाणं डेहराडूनला गेलं. मद्रासच्या सरकारी संग्रहालयात १९३० मध्ये रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली. पण या विषयातला सगळ्यात मोठा धडा आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवर मिळाला आणि तो महागात पडला.

अजिंठा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. चित्रांचे पापुद्रे सुटत होते म्हणून संस्थानाने १९२० ते १९२२ या काळात लोरेन्झो चेकोनी आणि त्यांचे सहायक काउंट ओर्सिनी या इटालियन जतनकारांना बोलावलं. त्यांनी सुटणारा गिलावा भिंतीला पुन्हा चिकटवला, हे त्यांचं मोठं काम. त्यांच्यामुळे कितीतरी चित्रं खाली पडायची वाचली. पण चित्रांवर त्यांनी शेलॅकचा, म्हणजे लाखेचा, थर दिला. त्या काळच्या समजुतीप्रमाणे ते योग्यच होतं. रंग उजळले आणि सगळे खूश झाले. पुढच्या काही दशकांत तो थर पिवळा, मग तपकिरी होत गेला, त्यावर धूळ आणि काजळी बसली आणि पद्मपाणीच्या गुंफेतले रंग जणू चहाच्या पाण्यातून पाहावेत तसे दिसू लागले. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून मॅनेजर सिंग यांच्यासारख्या रसायनज्ञांनी तो थर इंचाइंचाने उतरवायला घेतला. एका पिढीने मनापासून केलेला उपचार दुसऱ्या पिढीला उतरवावा लागला.

जतनाचं शिक्षण घेणाऱ्याला म्हणूनच सुरुवातीला सांगतात की जे कराल ते पुढच्याला काढता आलं पाहिजे. गहू किंवा तांदळाच्या पिठाची खळ आजही कागदाच्या कामात मानाने वापरली जाते, ती याच कारणाने. पाण्याचा हलका हात लागला की ती सुटते. फेव्हिकॉल सुटत नाही, सेलोटेप सुटते पण आपला डाग सोडून जाते.

इथे माझी एक आठवण. आजोबांच्या नावाची भूसंपादनाची नोटीस आमच्या घरी होती. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे आणि आजच्या रायगड जिल्ह्यांतल्या ९५ गावांची जमीन घ्यायचं ठरलं. त्यात तळवलीही आली. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी खेटे घालताना हाच कागद वारंवार दाखवावा लागे. घडीवर फाटला तेव्हा मी तो एका दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणला. घरच्यांना फार बरं वाटलं. चार पावसाळ्यांनंतर प्लॅस्टिकच्या आत कडेने तपकिरी नकाशे उमटू लागले. गरम रुळाखाली वितळलेलं प्लॅस्टिक कागदाच्या तंतूंत शिरलेलं असतं, ते आता वेगळं करता येत नाही. तो कागद भिंगाखाली धरून बसते तेव्हा अजिंठ्याचा तो लाखेचा थर आठवतो. चांगल्या हेतूने केलेली चूक पुसता येत नाही, याचं दुःख मला त्या दिवसांपासून कळतं.

पुन्हा संस्थेकडे. १९५० ते १९७४ या काळात डॉ. मोतीचंद्र संचालक होते. त्यांनी मुघल चित्रांच्या तंत्रावर पुस्तक लिहिलं. कागद कसा घोटत, रंग कशापासून करत, अस्तर कसं देत, अशा गोष्टींचा त्यात विचार आहे. वस्तू कशी बनली हे ज्याला ठाऊक, त्यालाच ती कशी बिघडते हे कळतं. तेव्हा जतनाची बैठक तिथेच घातली गेली, असं मी मानते. त्यांच्यानंतर सदाशिव गोरक्षकर १९७४ ते १९९६ संचालक होते. संग्रहालय ही सर्वसामान्यांची जागा आहे, हा विचार त्यांनी आयुष्यभर लावून धरला.

मात्र शिकायचं कुठे, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या मुलामुलींपुढे तेव्हा मोठाच होता. बडोद्याच्या विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ मध्ये निघाला. युनेस्कोची १९५६ ची महासभा दिल्लीत भरली होती आणि जतनाचं आंतरराष्ट्रीय केंद्र काढायचा निर्णय त्याच सभेत झाला. तेच केंद्र १९५९ पासून रोमला सुरू झालं, ज्याला आज आयक्रोम म्हणतात. लखनौची जतनासाठीची राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा १९७६ ची, ओ. पी. अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. म्हणजे वाट होती, पण ती बडोदा, लखनौ, दिल्ली, रोम अशी जायची. मराठवाड्यातल्या किंवा कोकणातल्या एखाद्या छोट्या संग्रहालयातला कर्मचारी त्या वाटेला लागणं कठीणच होतं. ज्याच्या हातात वस्तू असत, तो कुलूप लावायचा, डांबराच्या गोळ्या टाकायचा आणि पावसाळा सरायची वाट बघायचा.

मुंबईतलं वारं एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बदललं. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं मोठं पुनरुज्जीवन याच काळात झालं आणि त्याला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. इमारत आणि वस्तू दोन्हींचं काम एकत्र कसं करावं, हे शहराने तिथे पाहिलं. दशकाच्या अखेरीस काळ्या घोड्याच्या संग्रहालयात कला-जतन केंद्र उभं राहिलं. सव्यसाची मुखर्जी संचालक होते आणि केंद्राची धुरा अनुपम साह यांच्याकडे आली. साह मूळचे हिमालयातल्या नैनितालकडचे. गावोगावच्या मंदिरांतली भित्तिचित्रं आणि घरांतल्या वस्तू यांच्यावर काम केलेला हा माणूस मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत आला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. केंद्राने आपल्या संग्रहापुरतं काम न ठेवता बाहेरच्या संस्थांच्या वस्तूही हाताळायला घेतल्या आणि माणसं तयार करायचं काम अंगावर घेतलं. मुंबई विद्यापीठाशी जोडलेला संग्रहालयशास्त्र आणि जतनाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम संग्रहालयातच चालू लागला. वर्ग दालनांच्या शेजारी भरायचा, त्यामुळे पाठ्यपुस्तकात वाचलेली वस्तू उठून पाहायला जाता येई.

या कामात हात चालवण्यापेक्षा हात आवरणं शिकायला जास्त वेळ लागतो. फाटलेलं चित्र टेबलावर आलं की आधी ते बघायचं. सरळ उजेडात, मग बाजूने टाकलेल्या तिरप्या उजेडात, म्हणजे रंगाचे उचललेले पापुद्रे सावल्यांनी दिसतात. मग अतिनील प्रकाशात, म्हणजे पूर्वी कोणी रंग भरला असेल तर ती जागा वेगळी दिसते. छायाचित्रं काढायची, मोजमापं लिहायची, प्रत्येक भेग कागदावर उतरवायची. कापसाचा बोळा टाचणीच्या डोक्याएवढ्या जागी फिरवून रंग सुटतो का, हे पाहायचं. दगडी मूर्तीत खार शिरला असेल तर पाण्यात भिजवलेल्या कागदाच्या लगद्याचा लेप लावून तो वाळेपर्यंत थांबायचं. वाळताना लेप खार ओढून घेतो. मग लेप काढायचा, पुन्हा लावायचा. हे दिवसेंदिवस चालतं. चित्राचा उडालेला भाग रंगवायचाच झाला तर त्या रिकाम्या जागेतच, मूळ रंगावर एक टिंबही न पडू देता. एवढं करून वस्तू नवी दिसत नाही, दिसायलाही नको.

आपल्याकडे नेमकं उलटं शिकवलं जातं. देव्हाऱ्यातले टाक, समई, तांब्या चिंचेने किंवा पितांबरीने लख्ख घासले की बाई नीटनेटकी. आमच्या घरातल्या टाकांवरचे नाक-डोळे तसेच पिढ्यान्‌पिढ्या झिजत गेले. मी त्याला दोष देत नाही. पूजेतला देव हा पूजेसाठीच असतो, त्याला हात लागणारच. पण तोच टाक पूजेतून निघून संग्रहात आला की त्याचा काळपट थर हीच त्याची कातडी होते. ही दोन वागणुकींतली सीमारेषा शिकवावी लागते, आपोआप कळत नाही.

मोठी प्रदर्शनं ही आणखी एक शाळा ठरली. ब्रिटिश म्युझियमचं ममींचं प्रदर्शन २०१२-१३ मध्ये मुंबईत आलं, २०१७ च्या नोव्हेंबरात ‘इंडिया अँड द वर्ल्ड’ आलं आणि २०२३ च्या डिसेंबरात भारत, इजिप्त, असिरिया, ग्रीस, रोम इथल्या शिल्पांचं प्रदर्शन उघडलं. आपण शिल्पं पाहून घरी येतो. पण अशी एक वस्तू समुद्रापलीकडून येते तेव्हा तिच्यासोबत स्थितिपत्र येतं. पेटी उघडली की दोन्हीकडची माणसं भिंग घेऊन वस्तूवरचा प्रत्येक ओरखडा त्या पत्राशी ताडतात आणि सही करतात. पेटीतल्या कप्प्यापासून दालनातल्या आर्द्रतेपर्यंत आणि चित्रावर पडणाऱ्या उजेडापर्यंत सगळ्याचे आकडे ठरलेले असतात. कागद आणि कापडासाठी साधारण ५० लक्स, म्हणजे संधिप्रकाशासारखा मंद उजेड. दालन अंधारं का, असं विचारणाऱ्या प्रेक्षकाला उत्तर द्यायलाही माणूस तयार असावा लागतो. इथल्या तरुणांनी हे सगळं कामातूनच शिकून घेतलं. परदेशी जाऊन वर्षभर शिकण्याइतकंच ते मोलाचं होतं.

मग पुढची पायरी आली. टाटा ट्रस्ट्सच्या पुढाकाराने देशाच्या निरनिराळ्या भागांतल्या संस्था जतनाच्या एका जाळ्यात आणल्या गेल्या. पश्चिमेला मुंबईचं हे संग्रहालय, जोधपूरला मेहरानगढ, कोलकात्याला अनामिका कला संगम, नैनितालला साह यांनीच उभी केलेली हिमालयन सोसायटी. उद्देश असा की प्रत्येक भागात त्या भागाची हवा, त्या भागाचे पदार्थ आणि त्या भागाची भाषा जाणणारे जतनकार तयार व्हावेत. जोधपूरच्या कोरड्या वाऱ्यात चालणारी पद्धत कोकणच्या पावसात चालत नाही, हे जाळं आखणाऱ्यांना पक्कं माहीत होतं. अशा माणसांची गरज जगभरच होती. रोमच्या आयक्रोमने २०११ मध्ये जगभरच्या संग्रहालयांची पाहणी केली, तेव्हा कोठारांत ठेवलेल्या वस्तूंपैकी सुमारे ६० टक्के वस्तू धोक्यात असल्याचं दिसलं. धोका बहुतेकदा आगीचा किंवा चोरीचा नसतो. जमिनीवर ठेवलेले गठ्ठे, एकावर एक रचलेल्या चौकटी, नोंदवहीत नसलेल्या वस्तू, यांतूनच तो येतो. हेच सुधारायला आयक्रोमची ‘री-ऑर्ग’ नावाची पद्धत आहे. लहान संग्रहालयातल्या दोन-चार माणसांनी, थोड्या पैशात, आपलंच कोठार कसं लावून घ्यावं, ते ती शिकवते. या विषयातला सगळ्यात उपयोगी विचार मला हाच वाटतो, कारण त्यात यंत्र कमी आणि शिस्त जास्त आहे.

संग्रहालयाने २०१५ मध्ये फिरती बस काढली. ती शाळांपर्यंत वस्तू नेते आणि मुलं हरखून जातात. २०२२ मध्ये संस्थेची शंभरी भरली. विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली झालेल्या इमारतीच्या दुरुस्तीला त्याच वर्षी युनेस्कोचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. बातमी वाचून मला आपल्याच घराला रंग लागल्यासारखं झालं.

तरीही मनात एक मागणी उरते आणि ती मी प्रेमापोटीच मांडते. बस पाहणाऱ्यांपर्यंत गेली, आता सांभाळणाऱ्यांपर्यंत तशीच गाडी जायला हवी. गावचं वाचनालय, देवस्थानाचा ट्रस्ट, भजनी मंडळाचं कपाट, शाळेतली जुनी हजेरीपत्रकं. यांच्या किल्ल्या ज्यांच्याकडे असतात त्यांना पदविका नको आहे. दोन दिवसांचं शिक्षण हवं आहे आणि तेही मराठीतून. मराठीत त्यासाठीचे शब्द नव्याने घडवायचीही गरज नाही. खळ, टिपकागद, कसर, वेखंड, बासन हे शब्द आपल्या घरांतलेच आहेत. पेशवे दप्तरातले मोडी कागद ज्या चौकोनी कापडात बांधून ठेवतात त्याला रुमालच म्हणतात. सुती कापड उजेड अडवतं, धूळ अडवतं, ओल आधी स्वतः पितं आणि कागदाला श्वासही घेऊ देतं. आजचे जतनकार बिनरंगाचं सुती कापड सुचवतात तेव्हा ते आपल्या कारकुनांच्या शहाणपणालाच दुजोरा देतात.

या मे महिन्यात मी घरची ट्रंक रिकामी केली. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपलच्या पिना पातळ सुरीच्या पात्याने उचलून काढल्या, रबरबँडचे चिकटून बसलेले तुकडे तसेच ठेवले, ओढले नाहीत. कागद टिपकागदांत घालून धुतलेल्या मांजरपाटाच्या रुमालांत बांधले आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर, आतल्या खोलीतल्या फळीवर ठेवले. लॅमिनेट केलेली नोटीस वेगळ्या पाकिटात आहे. तिला आता काही करायचं नाही.

तळाशी फोटो निघाले. वस्तूंच्या नाशाची दहा कारणं जतनाच्या शिक्षणात शिकवतात. आग, पाणी, कीड, उजेड अशी कारणं त्या यादीत असतात आणि शेवटचं कारण असतं वस्तूची ओळख हरवणं. हे शेवटचं कारण मला फोटो हातात घेईपर्यंत नीट कळलं नव्हतं. शेतात उभी असलेली सात माणसं, मागे खाडीचा बांध, आणि पाठीवर एक अक्षर नाही. जिथे आज ठाणे-बेलापूर रस्त्यावरून कंटेनर धावतात, तिथली कुठली तरी ती जागा असणार. आमच्या आळीतल्या नव्वदीच्या आजीकडे फोटो घेऊन गेले. तिने चष्मा काढला, फोटो डोळ्यांजवळ नेला आणि डावीकडून एकेक नाव घ्यायला लागली. मी फोटो पालथा घालून, काचेवर ठेवून, मऊ शिसपेन्सिलने कडेला हलक्या हाताने लिहीत गेले. पाच नावं झाली. सहाव्या बाईचं नाव तिला आठवेना, लग्न होऊन कुठल्या गावी गेली एवढंच आठवत होतं. तेही लिहिलं. अजून अकरा फोटो आहेत. ते घेऊन उद्या सकाळी पुन्हा तिच्याकडे जायचं आहे, ऊन चढायच्या आत, तिला नीट दिसतं तेव्हा.